सूचक कोण?

भारंबे नानांच्या छत्रीवर पांढऱ्या ऑइलपेंटने 'द. तु. भारंबे' असं लिहिलेलं होतं. त्यात विशेष काही नाही. आमच्या जळगावात त्या काळी निम्म्या छत्र्यांवर नावं असायची. पण नानांच्या सायकलच्या चेनकव्हरवर नाव होतं, डब्याच्या तिन्ही खणांवर नाव होतं, चष्म्याच्या घरात नावाची चिठ्ठी होती, आणि ऑफिसात ते ज्या खुर्चीवर बसत तिच्या पाठीवर 'खुर्ची संस्थेची, बसणार भारंबे' अशी पट्टी चिकटवलेली होती. खुर्चीचा एक पाय हलायचा. तो कोणी हलता केला याचा शोध लागला नव्हता, म्हणून पट्टीच्या खाली बारीक अक्षरात 'पाय आधीपासून' असंही लिहिलेलं होतं.

मी ब्याऐंशी साली त्या संस्थेत टायपिस्ट म्हणून लागले. कापसाची सहकारी जिनिंग संस्था. हायवेला लागून मोठं आवार, आत रेच्यांचा हॉल, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांची लांबलचक ओळ, आणि पुढे कौलारू ऑफिस. नाना तिथे हेडक्लार्क होते. पन्नाशी ओलांडलेली, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, काळी टोपी आणि खिशाला दोन पेनं. एक सभेचं प्रोसिडिंग लिहायला, दुसरं बाकी सगळ्याला. दुसरं पेन कोणीही मागून न्यावं. प्रोसिडिंगचं पेन मात्र त्यांनी कधी कोणाच्या हातात दिलं नाही. चेअरमननी एकदा मागितलं, तर नानांनी त्यांना बाजारातून नवं पेन आणून दिलं.

पहिल्याच दिवशी ऑफिसात पाण्याचा ग्लास फुटला. शिपाई म्हणाला, फुटला. अकाउंटंट म्हणाले, फुटला वाटतं. मी नवी होते, मी नुसती मान हलवली. नाना उठले, कपाटातून डेडस्टॉकचं, म्हणजे संस्थेच्या सामानाचं, रजिस्टर काढलं आणि लिहिलं : 'काचेचा ग्लास, नग एक. फोडणार द. तु. भारंबे, कोपर लागून.' दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून स्टीलचा ग्लास आणून ठेवला. त्यावर त्यांच्या बायकोचं नाव कोरलेलं होतं. पुढची कित्येक वर्षं आमचे चेअरमन सौ. कमल द. भारंबे यांच्या ग्लासातून पाणी पीत होते.

माणूस चक्रम आहे, असं माझं तेव्हा मत झालं. मग हळूहळू संस्था कळत गेली आणि मत थोडं बदललं.

संस्थेत कोणी काही करत नसे. सगळं आपोआप होत असे. छप्पर गळायचं, ताडपत्र्या कमी व्हायच्या, वजनकाटा एका अंगाला झुकायचा. विचारलं की उत्तर यायचं, "संस्थेचं काम आहे बाई, चालायचंच." ही संस्था मला इतक्या वर्षांत एकदाही भेटली नाही. तिची पाटी होती, शिक्का होता, जीप होती. जीपमध्ये मात्र नेहमी भाऊसाहेब बसलेले असत.

भाऊसाहेब म्हणजे आमचे चेअरमन. गोरे, भरदार, आवाज माईकशिवाय गेटपर्यंत जाणारा. प्रत्येक भाषणात त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "संस्था आपली माय आहे." त्यांच्या शेजारी व्हाइस चेअरमन दगडूआबा. आबा सभेत एकच शब्द बोलत, 'मंजूर', तोही कधीकधी विषय वाचायच्या आधी. यांच्याखेरीज अकरा संचालक. एकूण तेरा.

आता सहकारी संस्थेत ठराव म्हटला की त्याला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. कोणीतरी मांडायचं, कोणीतरी पाठिंबा द्यायचा, दोघांची नावं ठरावाखाली घालायची. नियम साधा आहे. पण मंत्र्यांच्या अभिनंदनाचा ठराव आला की आमच्याकडे सात जण सूचक व्हायला उभे राहत, आणि बाया कामगारांसाठी संडास बांधायला उशीर का झाला याचा खुलासा करायचा ठराव आला की तेराच्या तेरा जण छताकडे बघत. एका वर्षी अभिनंदनावरून दोन संचालकांची गचांडी धरण्यापर्यंत वेळ आली. तेव्हा नानांनी एक पाळीपत्रक तयार केलं. तेरा नावं ओळीने, कोणत्या ठरावाला कोण सूचक, कोण अनुमोदक, ते आधीच ठरलेलं. ठराव चांगला असो की वाईट, ज्याची पाळी त्याचं नाव. पत्रक त्यांनी सभेपुढे ठेवलं. दगडूआबा म्हणाले, मंजूर. कोणी वाचलं नाही. नानांनी ते आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि तिथे ते अनेक वर्षं राहिलं, चहाचे डाग झेलत.

दुसरी एक पद्धत होती, ती नानांच्या आधीपासूनची. सभेला जे येत नसत तेही नंतर येऊन हजेरीवर सही करून जात. हजर राहिल्याचा भत्ता मिळायचा. मोठी रक्कम नव्हती. पण सोडायची कशाला? महिन्यातून एकदा भाजी आणायला जळगावला आलेले संचालक पिशवी दाराशी टेकवून मागच्या तीन सभांना हजर होऊन जायचे. नाना रजिस्टर पुढे करायचे आणि तोंड दुसरीकडे वळवायचे.

"तोंड का वळवता नाना?" मी एकदा विचारलं.

"पाहिलं नाही म्हणता यावं म्हणून," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पण वळवलं कोणी? मीच ना."

हे पुढे त्यांच्याच अंगावर येणार होतं. त्याचं असं झालं.

शहाऐंशीच्या आसपासची गोष्ट. कापूस जोरात आला होता, गाड्यांची रांग हायवेपर्यंत. रेच्यांच्या मागून एक लांब दांडा फिरतो आणि त्यावरून चामडी पट्टे प्रत्येक यंत्राला जातात. त्या पट्ट्यांपुढे लोखंडी जाळ्या होत्या, कोणाचा हात-पदर आत जाऊ नये म्हणून. जाळ्यांत रुई अडकायची. ती काढायला रोज दोनदा यंत्र थांबवायला लागायचं. यंत्र थांबलं की रांग वाढायची, रांग वाढली की शेतकरी भाऊसाहेबांच्या नावाने बोटं मोडायचे, आणि उन्हाळ्यात निवडणूक होती.

डिसेंबरात दगडूआबांच्या मळ्यात भरीत-पुरीचं जेवण होतं. संचालक मंडळाची सभा तिथेच ठेवली होती. म्हणजे भरीत होतं आणि सभा त्याच्यातच उरकायची होती. तेरापैकी सात जण आले होते. बाया कामगार काय, ऑफिसातली मीही अशा सभांना नसायचे; हे मला नानांनी आणि शेख मेस्त्रींनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं जुळलं म्हणून मी ते खरं धरते.

शेख मेस्त्री म्हणजे रेच्यांचा हॉल सांभाळणारे. त्यांना तिथे मुद्दाम बोलावलं होतं.

"मेस्त्री, जाळ्या काढून टाका हंगामापुरत्या," भाऊसाहेब म्हणाले. "बाया चालू मशीनमध्येच झाडून घेतील."

"भाऊसाहेब, नका काढू," मेस्त्री म्हणाले. "पट्टा पाहत नाही कोणाचा हात आहे ते."

दगडूआबांनी मेस्त्रींपुढे कांद्याची पात सरकवली. "मंजूर."

नानांनी पाटावर वही घेतली होती. "मेस्त्री नको म्हणतात, तेही लिहू का?"

"मेस्त्री सभासद आहे का संस्थेचा?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग? सर्वानुमते लिहा आणि जेवा ना भो तुम्ही. पुरी गार होते."

नानांनी सर्वानुमते लिहिलं. पाळीपत्रकाप्रमाणे सूचक आले भाऊसाहेब, अनुमोदक दगडूआबा. पुढच्या आठवड्यात न आलेले सहाही जण येऊन हजेरीवर सह्या करून गेले, एक तर सुरतेहून लग्न आटोपून परस्पर ऑफिसात आला होता, कपाळावर अक्षता तशाच होत्या.

मेस्त्री मात्र अडले. लेखी हुकूम मिळाल्याशिवाय पान्याला हात लावणार नाही म्हणाले. मग नानांनी ठरावाची नक्कल मला टाईप करायला दिली. टाईप झाल्यावर खाली डाव्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याची आणि टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं घालायची रीत असते. मी नानांची घातली आणि कागद ओढून काढला.

"तुमची?" नानांनी विचारलं.

"मी काय, फक्त टाईप करते."

"मी पण फक्त लिहितो," नाना म्हणाले. "नाव घाला कोल्हेबाई."

मी 'सु. को.' घातलं. मनातून चिडले होते. हे कबूल करायला हरकत नाही.

जानेवारीत एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला हॉलमधून येणारा आवाज एकदम बदलला आणि मग बंद पडला. यशोदाबाई म्हणून नशिराबादहून येणारी एक बाई होती, तिशीची, अंगाने काटक. चालू पट्ट्याखालची रुई झाडताना तिचा उजवा हात ओढला गेला. मनगटाच्या वरून गेला. संस्थेच्या जीपमधून तिला सिव्हिलला नेलं. त्या दिवशी प्रथमच जीपमध्ये भाऊसाहेबांशिवाय कोणी बसलं. संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्या जाळ्या पुन्हा जागेवर होत्या. एवढ्या झपाट्याने झालेलं दुसरं काम मी त्या संस्थेत पाहिलं नाही.

दोन दिवसांनी कारखाना निरीक्षक आले. सावळे, शांत गृहस्थ. त्यांनी जाळ्यांवरची जुनी धूळ पाहिली आणि त्या बसवणारे नवेकोरे नट पाहिले. चालू यंत्राजवळ बाईला झाडायला कोणी लावलं, असं विचारलं. उत्तर आलं, संस्थेची पद्धत आहे. जाळ्या कोणी काढल्या? संस्थेने. मॅनेजर कोण? मॅनेजर दोन वर्षांपूर्वी सोडून गेला होता आणि जागा भरायची राहिली होती. निरीक्षकांनी सगळं लिहून घेतलं आणि चहा न घेता गेले. चहा घेतला नाही हे भाऊसाहेबांना सगळ्यात जास्त लागलं.

तातडीची सभा बसली. तेराच्या तेरा हजर, खरोखरीचे हजर. शॉर्टहँडसाठी मी कोपऱ्यात. संस्थेचे वकील आले होते, त्यांनी समजावून सांगितलं.

"कोर्टाला संस्था समजते, पण तुरुंगात संस्था मावत नाही. तिथे माणूसच लागतो. कायदा म्हणतो, कारखान्याला एक भोगवटादार असतो, म्हणजे ज्याच्या ताब्यात कारखाना आहे तो, आणि एक मॅनेजर असतो. काही झालं तर या दोघांवर केस. तुमच्याकडे मॅनेजरच नाही, म्हणजे सगळं संचालकांवर येतं."

"सगळ्यांवर?" कोणीतरी विचारलं.

"ज्यांनी ठरवलं त्यांच्यावर. ठरवताना हजर असून नाही म्हटलं नाही, त्यांच्यावरही येऊ शकतं."

खोलीत तेरा माणसं एकदम बारीक झाली. मग भाऊसाहेबांचा आवाज आला, जेवायला बोलावतात तसा गोड. "मॅनेजर नाही कसा? नाना आहेत की."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. इतक्या प्रेमाने त्यांच्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"मागच्या जूनपासून नाना मॅनेजर, असा ठराव घेऊ," भाऊसाहेब म्हणाले. "नाना, तुमची नोकरी राहिली दोन-अडीच वर्षं. दंडबिंड झाला तर संस्था पाहील. आणि तुमची धाकटी बी. कॉम. होऊन घरी बसली आहे ना? तिची जागा ऑफिसात पक्की. घरचंच समजा."

धाकटी खरंच दोन वर्षं घरी होती. स्थळं येत होती आणि मुलीला नोकरी नाही म्हणून परत जात होती. ऑफिसात सगळ्यांना ते माहीत होतं. नाना थोडा वेळ टोपीच्या कडेला बोट लावून बसले. मग त्यांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

"लिहितो," ते म्हणाले. "श्री. द. तु. भारंबे यांस मागील जूनपासून मॅनेजर नेमण्यात येत आहे. सूचक कोण?"

"घाला कोणाचंही," भाऊसाहेब म्हणाले.

तेवढ्यात वकीलसाहेबांनी त्या सभेतलं एकमेव उपयोगाचं वाक्य उच्चारलं. "नाव जरा विचार करून घाला. मागच्या तारखेचा ठराव आहे. उद्या उघडकीला आला तर सूचकाला आधी बोलावतील."

नानांनी टेबलाच्या काचेखालचं पाळीपत्रक मागवलं. शिपायाने ते चहाच्या डागांसकट आणलं. "पाळी दगडूआबांची आहे."

"माझी?" आबांनी जन्मात पहिल्यांदा सभेत दुसरा शब्द उच्चारला. "माझी कशी? मी तर आत्ताच त्या जाळ्यांना अनुमोदक होतो!" मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. "म्हणजे, होतो का मी?"

"होता आबा. पान एकशे बारा."

"मग पुढच्याचं घाला."

पुढचा म्हणाला, मी त्या सभेला नव्हतोच, सुरतेला होतो. नाना म्हणाले, हजेरीवर सही आहे तुमची. तो म्हणाला, सही आहे, मी नव्हतो. त्याच्या पुढच्याला अचानक आठवलं की त्याची मुदतच संपत आली आहे. एकाने सुचवलं, सूचक म्हणून 'सर्व' असं घाला.

"जागा एकाच नावाची आहे," नाना म्हणाले.

"मग नाना, तुम्हीच व्हा ना सूचक!"

"मी संचालक नाही. मला फक्त तुरुंगात जाता येईल."

भाऊसाहेबांनी टेबलावर हात आपटला. सौ. कमल भारंबेंच्या ग्लासातलं पाणी हिंदकळलं. "अरे, तेरा जणांचं एकमत आहे ना? मग अडतं कुठे?"

"एकमत आहे भाऊसाहेब," नाना म्हणाले. "मत कोणाचं आहे, तेवढं सांगा."

दीड तास ते चाललं. तेरा माणसांना एक गोष्ट मनापासून हवी होती आणि ती मागायला त्यांच्यात एकही माणूस नव्हता. मग एकेक जण बाहेर पाय मोकळे करायला उठला आणि परत आला नाही. शेवटी चार जण उरले, गणसंख्या मोडली, सभा बारगळली. वहीत 'विषय क्रमांक एक' एवढंच लिहिलेलं आहे. खाली कोरी जागा.

जाताना भाऊसाहेब हळूच म्हणाले, "नाना, ते पान एकशे बारा..."

"पानांवर आकडे आहेत, शिक्के आहेत. आणि नक्कल मेस्त्रीच्या हत्यारांच्या पेटीत आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. खाली या बाईंची अक्षरंसुद्धा आहेत."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शॉर्टहँडची वही मिटली.

महिना-सव्वा महिन्याने यशोदाबाई ऑफिसात आली. उजव्या हाताला पांढरं बांधलेलं, पदराखाली झाकलेलं. भाऊसाहेबांची जीप ती गेटातून आत येताच मागच्या गेटातून गेली. भरपाईचे कागद तिच्या अंगठ्यासाठी तयार होते. डावा चालेल, असं अकाउंटंटनी वकिलांना विचारूनही ठेवलं होतं. ती कागदाकडे बघेना.

"आधी सांगा, जाया कोनी काढ्यात?"

"जाळ्या ना? संस्थेने," अकाउंटंट म्हणाले.

"संस्था कोन शे? माले दखाडा. मी तिले ईचारस."

अकाउंटंटनी माझ्याकडे पाहिलं. मी टाईपरायटरकडे पाहिलं. नाना उठले. तिला सभेच्या खोलीत घेऊन गेले, भाऊसाहेबांच्या खुर्चीवर बसवलं, स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. मग पान एकशे बारा काढून वाचलं. तेरा नावं, एकेक, गावासकट. "सूचक भाऊसाहेब. अनुमोदक दगडूआबा. लिहिणार मी, दत्तात्रय तुकाराम भारंबे. टाईप करणार या कोल्हेबाई." मी दारात उभी होते. चहा सांगायचं निमित्त काढून निघावं, असं माझ्या मनात आलं होतं. गेले नाही.

"आनि मेस्त्री?"

"मेस्त्री नको म्हणाला होता. ते मी लिहिलं नाही."

ती ग्लास डाव्या हातात धरून बसली होती. मग म्हणाली, "एक हात तोडाले पंधरा जन लागनात?"

तिचा आवाज चढला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं विचारलं होतं.

"हाई कागद माले द्या," ती म्हणाली.

बाहेरच्या माणसाला चेअरमनच्या परवानगीशिवाय नक्कल द्यायची नाही, असा नियम होता. नानांनी मला टाईप करायला सांगितलं आणि खाली सही केली. या वेळी माझी अक्षरं मी न सांगता घातली.

केस चालली. चार-पाच वर्षं चालली. त्यात आमच्या संचालकांची जी पंचाईत झाली ती पाहायला लोक नशिराबादहून, सावद्याहून येत. भरिताला न आलेले सहा जण म्हणत, आम्ही सभेला नव्हतो. त्यावर सरकारी वकील हजेरीचं रजिस्टर पुढे करायचे. हजर होतो म्हणावं तर हात तोडल्याचा वाटा येतो. हजर नव्हतो म्हणावं तर खोटी सही करून भत्ता उचलल्याचं कबूल करावं लागतं. दोन्हींतला हलका गुन्हा कोणता, यावर त्यांच्या आपसात बैठका झाल्या. शेवटी चार जणांनी लबाड ठरायचं पसंत केलं आणि दोघांनी हजर राहायचं. सुरतवाल्याने त्याआधी दोन वेगळ्या तारखांना दोन्ही करून पाहिलं.

नाना साक्षीला उभे राहिले. भाऊसाहेबांच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "सात माणसं हजर असताना तुम्ही तेरा लिहिलीत. मग तुमचं प्रोसिडिंग खोटं?"

"खोटं," नाना म्हणाले.

"किती वर्षं असं खोटं लिहीत होतात?"

"एकोणीस. आणि मेस्त्री नको म्हणाला, तेही लिहायला पाहिजे होतं. ते विचारायचं तुम्ही विसरलात."

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, असं मला आठवतं. निकालात भाऊसाहेबांना आणि दगडूआबांना दंड झाला, बाकीच्यांना दोन परिच्छेद सुनावण्यात आले. यशोदाबाईला भरपाई मिळाली, उशिराने. तिने शिवाय काम मागितलं, तेव्हा तिला गेटवर बसवण्यात आलं आणि त्याचा समारंभ झाला. हार भाऊसाहेबांच्या गळ्यात होता.

त्याच्या कितीतरी आधी, नानांची साक्ष झाली त्याच आठवड्यात, संस्थेने त्यांना काढून टाकलं. दोन आरोप, हजेरीच्या खोट्या नोंदी करणे आणि परवानगीशिवाय नक्कल देणे. दोन्ही खरे होते. ठरावाची प्रत मीच नेऊन दिली. त्या ठरावाला सूचक तेरा होते. नानांनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एवढी नावं बसवली कुठे?"

"नव्या क्लार्कने खाली कागद चिकटवलाय."

"हं." त्यांनी पोच म्हणून सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मला राग येत होता. त्यांना येत नव्हता, किंवा मला दाखवला नाही. "खोटं लिहिलंच होतं मी. त्यांनी सांगितलं हे खरं, पण पेन माझं होतं." मग त्यांनी डबा, छत्री, चष्म्याचं घर गोळा केलं. ग्लास मी पुढे केला तर म्हणाले, "तो डेडस्टॉकला लागलाय बाई. नेता येत नाही." खुर्चीवरची पट्टी मात्र नखाने खरवडून काढली. पाय अजून हलत होता.

पुढे मीही ती नोकरी सोडली आणि धुळ्याला एका सरकारी ऑफिसात लागले. नानांची धाकटी स्वतः परीक्षा देऊन देवपुरातल्या एका शाळेत क्लार्क झाली होती आणि नाना तिच्याकडे राहायला आले होते. पंच्याण्णव-शहाण्णवच्या गणपतीत मी त्यांना भेटायला गेले. कॉलनीत शिरले तर रस्त्यावर पाणीच पाणी. मंडळाच्या पोरांनी मांडवाचा खांब रोवायला खड्डा खणला आणि नळाची मोठी पाईप गेली. चार-पाच जण कमरेवर हात ठेवून उभे होते. काय झालं विचारलं, तर एक म्हणाला, "पाईप फुटली."

नाना ओट्यावर बसून कागदावर काहीतरी लिहीत होते. खूप वाळले होते. मला ओळखलं, पण आधी कागद पुरा केला. मग चहा झाला. त्यांनी पहिली चौकशी यशोदाबाईची केली.

"गेटवरच आहे," मी सांगितलं. "संचालकांच्या हजेरीचं रजिस्टर आता तिच्याकडे असतं. आल्याशिवाय सही करू देत नाही. आकडे शिकली, डाव्या हाताने वेळ टाकते. मागच्या महिन्यात भाऊसाहेबांच्या पुतण्याला म्हणाली, कालची सही कालच करायची. तो भाजीची पिशवी घेऊन परत गेला."

नाना हसले. त्यांचे दात पडले आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"आणि वेळ कोणती टाकते? आल्याची की गेल्याची?"

"दोन्ही."

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मी कागद उचलून पाहिला. पाईप कोणी फोडली त्याची यादी होती. सात नावं होती, कोणी पहार धरली, कोणी जागा दाखवली, ते सगळं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं : 'खुर्ची टाकून बघत बसणार, द. तु. भारंबे.'

"नाना, तुम्ही तर खणलं नाही."

"थांबा पण म्हटलं नाही." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच. तुमच्या डोळ्यांदेखत."

"पाईप फुटली तेव्हा नव्हतात?"

"नव्हते."

"मग तुमचं नाव नाही," ते म्हणाले, आणि मला खरंच हायसं वाटलं, चाळीस वर्षांच्या बाईला वाटू नये इतकं.

मी निघाले तेव्हा तेही काठी घेऊन निघाले, सह्या घ्यायला. पहिल्या दोन घरांची दारं त्यांना पाहताच लागली. रिक्षात बसून वळून पाहिलं तर ते तिसऱ्या फाटकाशी उभे होते. पायाशी पाणी वाहत होतं. आतून एक मिशीवाले गृहस्थ बनियनवर बाहेर आले, कागद वाचला, इकडेतिकडे पाहिलं. नानांनी खिशाला हात घातला आणि पेन पुढे केलं. प्रोसिडिंगचं. ते पेन मी त्यांना दुसऱ्या कोणाच्या हातात देताना पहिल्यांदाच पाहत होते. त्या माणसाने ते घेतलं. तेवढ्यात रिक्षा वळली.